राजाचं छप्पर, गुंगालिनच्या गॅरेजात

जून म्हणजे इकडे ऐन हिवाळा, तो आला की गुंगालिनमध्ये, आमच्या उपनगरात, सकाळी गाडीच्या काचेवर बर्फाचा पापुद्रा धरतो. मी दातओठ खात तो खरवडते, बोटं बधिर होतात, लाइट रेलच्या स्टॉपवर कानटोप्या घातलेले सरकारी नोकर तोंडातून वाफ सोडत उभे असतात. आणि दर वर्षी न चुकता मी मनात म्हणते, आता युनीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या, परीक्षा सुरू होणार. घरात परीक्षा देणारं कुणी उरलेलं नाही. मी स्वतः पन्नाशी ओलांडलेली बाई, एका सरकारी खात्यात फायली हलवते. पण हवेत तो सुका गारठा आला की मला राजाचं घर आठवतं. जन्मात कधी पाहिलेलं नाही ते घर.

युरोपातल्या एका नदीकाठच्या व्यापारी गावात ते आहे. गावाचं नाव सांगत नाही, कारण मला ते नीट उच्चारता येत नाही आणि माझी मुलगी रिया दर वेळी दुरुस्त करते. मध्ययुग संपत आलं होतं तेव्हाचं बांधकाम. राजाचं घर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आले तट, बुरूज, हत्ती आणि कारंजी. तसलं काही नाही. अरुंद रस्ता, डावीकडे एका कापडवाल्याचं घर, उजवीकडे चर्च, आणि मध्ये भिंतीला भिंत चिकटवून राजाचं. बाहेरून पाहिलं तर शेजाऱ्यांसारखंच, वर पायऱ्यापायऱ्यांची दगडी त्रिकोणी भिंत. फक्त दारावर राजचिन्ह कोरलेलं आणि वरच्या मजल्याची खिडकी दोन माणसं उंच. मला हे फार आवडलं. राजालाही शेजारच्याचा खोकला ऐकू येत असणार, असं मी रियाला फोनवर म्हटलं तेव्हा ती हसली होती. तेव्हा ती अजून हसत होती.

त्या काळचे राजे एका जागी बसत नसत, ही मला नवीन माहिती. वर्षभर गावोगाव फिरायचे. न्याय करायचा, लोकांना तोंड दाखवायचं, पुढे जायचं. बरोबर गाड्यांवर पलंग, भिंतीवर टांगायचे विणलेले पडदे, भांडीकुंडी, इतकंच काय खिडक्यांच्या काचासुद्धा चौकटीसकट काढून न्यायचे. मागे राहायची दगडी भिंत, चूल आणि छप्पर. घर वर्षातले बरेच महिने रिकामं, एक राखणदार आणि तळघरातली पिंपं. राजा यायचा त्याच्या आदल्या आठवड्यात सगळं पुन्हा सजायचं. आम्ही परदेशात आलेली माणसं. दोन सूटकेसांत संसार घालून भाड्याच्या घरातून भाड्याच्या घरात फिरलो आहोत. मला त्या राजाबद्दल एकदम आपुलकी वाटली.

तर त्या जूनमध्ये, चार वर्षांपूर्वी, माझे पप्पा वसईहून तीन महिन्यांसाठी आले होते. पप्पा सुतार. आमच्या भागातल्या कितीतरी कौलारू घरांची छपरं त्यांच्या हातची आहेत. हे ते स्वतः कधी सांगत नाहीत, मीच सांगत फिरते. अठ्ठ्याहत्तर वय, एका डोळ्याला मोतीबिंदू, उजव्या हाताला बारीक कंप. थंडीने बेजार. दोन स्वेटरांवर नवऱ्याचं जॅकेट, त्यावर शाल. दिवसभर खिडकीत बसून पलीकडे चाललेलं नव्या घराचं बांधकाम बघायचे. तिथे कारखान्यात तयार झालेल्या कैच्या, म्हणजे छपराचे लाकडी त्रिकोण, ट्रकमधून आल्या, क्रेनने उचलल्या, दुपारपर्यंत छपराचा सांगाडा उभा. पप्पांना कौतुक वाटलं आणि वाईटही वाटलं. संध्याकाळी म्हणाले, आता सुताराची गरज नाही, ट्रकवाला पुरे. मी म्हटलं, पप्पा, चहा घ्या. दुसरं काय म्हणणार. आयुष्यभर कामात असलेला माणूस रिकामा बसलेला मला बघवत नव्हता, आणि बघवत नव्हता म्हणून मी त्यांच्यावर उगाच खेकसायचे.

रिया मेलबर्नला, क्लेटनच्या युनीत आर्किटेक्चर शिकत होती. बॅगेत कपडे कमी आणि कागदाच्या गुंडाळ्या जास्त, अशी रात्रभराच्या बसने आली आणि आल्या आल्या सोफ्यावर पडली. कळलं ते असं, की ती त्या राजाच्या छपरात नापास झाली होती. वर्षाचा मुख्य प्रोजेक्ट म्हणजे त्या घराच्या दिवाणखान्याचं छप्पर, अभ्यास करून त्याचं मॉडेल करायचं. तिने मशीनवर पुठ्ठा कापून सुरेख मॉडेल केलं. तिची टीचर म्हणाली, हे छपराच्या आकाराचं खोकं आहे, गोंदामुळे उभं आहे. गोंद काढला तर वरचा भार कुठून कुठे जातो ते दाखव. रियाला दाखवता आलं नाही. आता तीन आठवड्यांनी, एका गुरुवारी, शेवटची संधी. तीन शिक्षकांसमोर, गोंद न वापरता. नाही जमलं तर वर्ष गेलं.

"मम्मा, रिपीट वगैरे मी करणार नाही," ती छताकडे बघत म्हणाली. "सोडायचा फॉर्म भरून ठेवलाय. इफ आय फेल, आय'म डन."

मी काय केलं? आरडाओरडा केला. लहानपणापासून वहीच्या मागच्या पानावर घरं काढणारी पोरगी ती. आम्ही पाहुणे म्हणून कुणाकडे गेलो तर बाकीची मुलं खेळणी शोधायची आणि ही जिन्याखाली काय आहे ते बघायची. ते सगळं एका फॉर्मवर सोडणार? मी बोलले ते बोलले, आणि ती खोलीत जाऊन बसली. नवरा ऑफिसच्या कामाने महिनाभर सिडनीला. त्याला फोन केला तर म्हणाला, तू जरा शांत राहा, येताना इथल्या वेंटवर्थव्हिलच्या देशी दुकानातून सुके बोंबील आणतो. अशा वेळी याला बोंबील सुचतात.

ड्रॉइंग्ज जेवणाच्या टेबलावर तशीच पडलेली. पप्पांना इंग्रजी वाचता येत नाही, पण नकाशा वाचायला इंग्रजी कशाला लागतं? ते कागदावर वाकून, चांगला डोळा जवळ नेऊन, बोटाने एकेक लाकूड चाचपत होते. ही तुळई, हे दोन्ही अंगांचे वासे, ही मधली आडवी, हे तिरके टेकू. मग त्यांचं बोट एका जागी थांबलं. त्यांनी रियाला हाक मारली आणि विचारलं, या रेघा कसल्या.

रियाने नाराजीनेच सांगितलं. त्या घराचं पुढे गोदाम झालं, मग शाळा, मग कचेरी. कुणीतरी मध्येच सपाट छत ठोकलं आणि वरचं लाकूड कित्येक पिढ्या कुणी पाहिलंच नाही. दुरुस्तीत ते छत उतरवलं तेव्हा ओकची तुळई न् तुळई शाबूत, आणि प्रत्येक सांध्यापाशी पटाशीने कोरलेल्या खुणा. एक रेघ, दोन रेघा, तीन. सुतारांचे नंबर, हे तिला माहीत होतं. पण काही खुणांना एक छोटी शेपटी होती आणि काहींना नव्हती. तिला ती का ते उमगलं नव्हतं, म्हणून तिने आपल्या मॉडेलमध्ये खुणाच गाळल्या होत्या.

पप्पा हसले. आल्यापासून पहिल्यांदा.

"चर्च कुठल्या बाजूला आहे?" त्यांनी विचारलं.

रियाने नकाशावर उजवीकडे बोट ठेवलं. शेपटीवाल्या सगळ्या खुणा तिकडच्या असणार, बघ, असं पप्पा म्हणाले. रियाने एकेक कागद काढून पाहिला. पाचही कैच्या पाहिल्या. शेपटीवाल्या खुणा सगळ्या चर्चच्या बाजूला होत्या आणि बिनशेपटीच्या कापडवाल्याच्या.

मग पप्पांनी सांगितलं, आणि खरं सांगते, मलाही ते ठाऊक नव्हतं. सुताराच्या घरात वाढले आणि कधी विचारलं नाही. आमच्याकडे कैची आधी अंगणात, जमिनीवर आडवी जुळवायची. प्रत्येक खाच तिच्या जोडीदार लाकडाला बघून कापायची, म्हणून कुठलंही लाकूड कुठेही बसत नाही. मग खुणा करायच्या, सगळं सुटं करायचं, वर चढवायचं आणि खुणा बघत पुन्हा जोडायचं. चर्चकडच्या लाकडावर एक छोटा क्रूस, दुसरीकडच्यावर काही नाही. डावं-उजवं लिहायचं नाही. माणूस वळला की डावं-उजवं बदलतं, पण चर्च काही जागचं हलत नाही.

त्या राजाचंही छप्पर असंच आलं होतं. जंगलाजवळच्या सुतारवाड्यात जमिनीवर जुळवलं, सुटं केलं, बैलगाड्यांनी आणि होडीने गावात आणलं. कुठले ते सुतार, कुठली त्यांची भाषा. आणि त्यांना जे सुचलं तेच माझ्या बापाला सुचलेलं. त्या दिवशी मला पप्पांचा इतका अभिमान वाटला, की मी त्यांना न विचारता दुसऱ्यांदा चहा केला.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या गॅरेजात राजाचं काम निघालं. गाडी बाहेर गारठ्यात, आत हीटर आणि दोन सुतार. रियाने आणलेलं बाल्सा लाकूड पप्पांनी नखाने दाबून पाहिलं आणि विचारलं, हे लाकूड आहे की पाव? मग हार्डवेअरच्या दुकानातून ओकच्या पट्ट्या आल्या. सागाची सर नाही, पण इमानदार आहे, असा पप्पांचा शेरा. पहिले काही दिवस रिया धरायची आणि ते कापायचे. मध्येच ते थांबायचे, श्वास घ्यायचे, पुन्हा करवत लावायचे. नंतर हळूहळू ते धरायला लागले आणि रिया कापायला लागली. कधी बदललं ते मला नेमकं सांगता येणार नाही. खुणा तेवढ्या ते स्वतः करायचे, माझ्या शिवणाच्या खडूने. सगळं जुळलं की शेवटी पटाशीने कोरू, असं ठरलं होतं.

मी भाकऱ्या थापता थापता ऐकत राहायचे. रिया कापता कापता तिच्या नानांना, म्हणजे पप्पांना, ते घर सांगायची, अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत, आणि नाना न अडखळता समजून घ्यायचे. तळाला दगडी कमानींचं थंडगार कोठार. कोपऱ्यातल्या मनोऱ्यात गोल जिना, मधल्या खांबाला हातांनी घासून आलेली चकाकी. वर दिवाणखाना, छपरापर्यंत उघडा, म्हणजे चुलीपाशी उभ्या माणसाने मान वर केली की थेट लाकूडकाम दिसावं. भिंतीच्या जाडीतला संडास, आणि त्यातच म्हणे कपडे टांगायचे, त्या वासाने कसर लागत नाही म्हणून. पप्पा खोखो हसले. खिडकीच्या जाडीत दोन दगडी बाकं समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशी. आणि माझी सर्वांत लाडकी जागा, दुसऱ्या मजल्यावरची प्रार्थनेची खोली. तिची एक खिडकी थेट शेजारच्या चर्चमध्ये उघडते. राजाने घरातल्या घरात गुडघे टेकायचे आणि खाली चर्चमध्ये चाललेली मिस्सा, रविवारची उपासना, ऐकायची. मी म्हटलं, आळशी मेला. पप्पा म्हणाले, आळशी कसा, त्याने चर्चला घरात घेतलं.

रियाची भूक परत आली. सोडायच्या फॉर्मचं नाव निघेना. चार कैच्या झाल्या, पाचवीही झाली, आणि खुणा कोरायला सगळं पुन्हा सुटं केलं, पस्तीस तुकडे आणि सांधे पक्के करायच्या तीस खुंट्या. तो शनिवार होता.

रविवारी वसईहून आलेले एक फादर मराठी मिस्सा करणार होते आणि नंतर आमच्याकडे जेवून घराला आशीर्वाद देणार होते. फादर घरी येणार म्हटलं की आमच्या वसईच्या बायकांच्या अंगात येतं. पंख्यावरची धूळ, बाथरूमच्या फटी, जिथे फादरांची नजर सात जन्मांत जाणार नाही ते कपाटाचं मागचं अंग, सगळं. मी पहाटेच उठून लागले. गॅरेजात पप्पांना थंडी बाधते म्हणून मीच ते सगळं काम आत जेवणाच्या टेबलावर मांडायला लावलं होतं. तिथेच फादरांना जेवायला बसवायचं. ओल्या फडक्याने एकेक तुकडा पुसला. खडूचे फराटे गेले, लाकूड कसं लख्ख दिसायला लागलं. कोरडं करून, लांबीप्रमाणे लावून, बिस्किटांच्या मोठ्या डब्यात भरून ठेवलं. मला वाटलं, बघा, कसं नीट ठेवलंय.

फादर आले, जेवले, खोल्याखोल्यांतून पवित्र पाणी शिंपडलं, त्या डब्यावरही शिंपडलं. ते गेल्यावर पप्पांनी डबा उघडला. एक तुकडा उचलला, उलटा केला. दुसरा उचलला. मग डबा तसाच रियापुढे सरकवला.

रियानेही आवाज चढवला नाही. "मम्मा, व्हॉट डिड यू डू," एवढंच म्हणाली, खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. पस्तीस तुकडे, तीस सांधे, दिसायला सारखे आणि केसाकेसाने वेगळे. हाती चार दिवस.

आणि मी? मी माफी मागायला हवी होती. मी उलट त्यांच्यावरच तोंड टाकलं. जेवायच्या टेबलावर कुणी पसारा मांडतं का, खडूने कुणी लिहितं का, मला कुणी सांगितलं का. काम टेबलावर मांडायला मीच लावलं होतं हेसुद्धा विसरले. पप्पा ऐकून घेत होते. माझंच बोलणं मला ऐकू यायला लागलं तेव्हा मी भांडी घासायला लागले. इतकी लाज मला आयुष्यात क्वचितच वाटली असेल. पण 'चुकले' हा शब्द काही तोंडातून निघेना.

सोमवारी सकाळी पप्पांनी रियाचं दार वाजवलं. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते.

"पोरी, खुणा पुसल्या," ते म्हणाले. "खाचा तर नाही ना पुसल्या? ऊठ."

ती उठली. दोन दिवस मी ऑफिसला आजारी असल्याचं कळवलं आणि चहा करत राहिले. ते दोघं एकेक सांधा लावून बघत होते. पप्पा डोळे मिटून खाचेत अंगठा फिरवायचे, मग समोरच्या ढिगातून उचलायचे. तीनदा चुकायचे, चौथ्यांदा टक करून बसायचं. पहिल्या दिवशी एकच कैची जमली. संध्याकाळपर्यंत रियाही डोळे मिटून अंगठा फिरवायला लागली होती. दुसऱ्या दिवशी तिने मला सांगितलं, तीन आठवड्यांत कळलं नव्हतं ते आता कळतंय, की कुठलं लाकूड कुणावर रेलतंय. तिने हे मला बरं वाटावं म्हणून सांगितलं असेल. तरी मला बरं वाटलं. मंगळवारी संध्याकाळी पाचही कैच्या उभ्या राहिल्या. खुणा कोरायची वेळ आली तेव्हा पप्पांनी पटाशी तिच्या हातात दिली. गुरुवारी उभं तू करणार, तुलाच वाचता आलं पाहिजे, असं म्हणाले. तिने चर्चकडच्या लाकडांना शेपटीऐवजी छोटा क्रूस कोरला.

बुधवारी आम्ही मेलबर्नला निघालो. सात तासांचा रस्ता, हिवाळी उन्हातली पिवळी कुरणं, मेंढ्या. पप्पांनी डबा डिकीत ठेवू दिला नाही, मांडीवर घेऊन बसले. छप्पर गाडीनेच गावात जातं, रिया म्हणाली. ते दोघं हसले आणि मी गाडी चालवत राहिले.

गुरुवारी दुपारी रिया डबा आणि बोटभर लांब लाकडी हातोडी घेऊन आत गेली. घरच्यांना प्रवेश नाही. मी आणि पप्पा बाहेर कॉरिडॉरमध्ये बाकावर. पोरं लॅपटॉप घेऊन येत-जात होती, शाल पांघरलेल्या म्हाताऱ्याकडे बघत होती. पुढे तिला मार्क किती पडले ते मिरवण्यासारखं नाही. पास झाली आणि तो फॉर्म फाडला, एवढं पुरे. पण ते आम्हाला कळलं दोन आठवड्यांनी. त्या बाकावर काहीच माहीत नव्हतं. आतून फक्त हातोडीचा आवाज येत होता. टक टक. थोडी शांतता. टक टक. एका खुंटीला दोन ठोके.

मला तिथे राहवेना. मी म्हटलं, पप्पा, त्या दिवशी मी तुमचं काम पुसलं आणि वर तुम्हालाच...

"गप्प," पप्पा म्हणाले. "मोजतोय."

ते बोटांच्या पेरांवर अंगठा सरकवत होते. तेवीस. आणि आवाज थांबला. एक मिनिट गेलं, दोन गेली. आत कुणीतरी काही विचारलं, रियाचा आवाज आला, शब्द कळले नाहीत. पप्पांचा अंगठा तेविसाव्या पेरावर तसाच धरलेला. मी मनात हेल मेरीची प्रार्थना म्हणायला लागले आणि मधलीच ओळ विसरले. मग लाकूड घासल्याचा आवाज आला, कुणीतरी तुळई काढून फिरवून लावावी तसा. आणि टक टक.

चोवीस. पंचवीस. मग ती थांबलीच नाही.

"तीस," पप्पा म्हणाले आणि उठून उभे राहिले. मी म्हटलं, बसा ना, ते आत काय म्हणतात ते तरी कळू दे. त्यांनी शाल झटकून खांद्यावर घेतली. ते त्यांचं बघतील, म्हणाले, छप्पर उभं राहिलं.

मग माझ्या शेजारी पुन्हा बसले, अंगठा पेरावरून काढला आणि तो हात माझ्या हातावर ठेवला.

"हं," ते म्हणाले. "आता बोल. मघाशी काय म्हणत होतीस?"